जयाबाई गोड बोलल्या त्याची गोष्ट

वडगावातल्या विणकर गल्लीत दिवसा माग बंद पडायची कारणं तीनच. लाइट गेली, धागा तुटला, नाहीतर जयाबाई आल्या. लाइट गेली की अख्खी गल्ली एकदम मुकी होते. धागा तुटला तर माग जरा दम खातो आणि पुन्हा खडखडायला लागतो. पण भर दुपारी एकाच घरातला माग थांबला आणि थांबलेलाच राहिला, की शेजारणी मागाच्या कांड्यांवर सूत भरता भरता एकमेकींकडे बघतात. त्या घरच्या पोरानं शाळेत नेमके काय दिवे लावले, एवढंच कळायचं बाकी असतं.

जयाबाई तिथल्या मराठी शाळेत पहिलीला शिकवतात. माहेर खानापूरचं, सासर टिळकवाडीचं. उंची बेताची, आवाज तसा नाही. पालकांशी बोलायचं तर त्यांच्या घरी जाऊन, हा त्यांचा जुना नेम. चिठ्ठी दिली तर पोरगं तिचं विमान करतं आणि फोन केला तर मागाच्या आवाजात पलीकडून नुसतं ‘आँ? आँ?’ येतं. म्हणून शाळा सुटली की त्या स्कूटर काढतात. सांगायचं काय, हे ठरलेलं असतं. अमक्यानं तमकीची वेणी बाकाला बांधली, तमकीनं खडू खाल्ला. चांगलं सांगायला त्या कधी कुणाकडे गेल्या नाहीत. चांगलं चाललंय ते चाललंय, त्यासाठी पेट्रोल कशाला जाळायचं? घरीही हेच धोरण. नवऱ्यानं आणलेल्या वांग्यांबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, तर वांगी चांगली निघाली असं तो समजतो.

यंदा मात्र पहिलीचा पट घसरला. हेडमास्तर राजकुमार सर वयानं जयाबाईंच्या मुलाएवढे. त्यांनी खुर्चीत दोनदा चुळबूळ करून विषय काढला.

“बाई, आणखी दोन-तीन पोरं गेली तर पहिली-दुसरी एकत्र करतील. मग तुम्ही जादा ठरता. बदली कुठं होईल, सांगता येत नाही.”

“मग मी काय करू? पोरं जन्माला घालू?”

“तसं नव्हे. पालक म्हणतात, बाई आल्या की गल्लीत अब्रू जाते.”

त्याच आठवड्यात शिक्षकांना प्रशिक्षण होतं. विषय, पालकांशी सकारात्मक संवाद. आलेल्या साहेबांनी फळ्यावर हसरा चेहरा काढला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो पुसला नाही. पालकांकडे एकदा नुसतं चांगलं सांगायला जा, असं ते म्हणाले.

“आणि चांगलं काही नसलं तर?” जयाबाईंनी विचारलं.

“शोधा, मॅडम.”

शोधायची गरज नव्हती. नागेंद्र आणि सौम्या या जोडप्याची करिष्मा वर्गात सगळ्यांच्या आधी वाचायला लागली होती. दुसऱ्या दिवशी जयाबाई त्यांच्या दारात उभ्या राहिल्या. सौम्यानं त्यांना बघितलं आणि कांड्यांची टोपली खाली ठेवली. नागेंद्रनं माग बंद केला. काही विचारायच्या आधी त्यानं आतून पोरीला कान धरून बाहेर आणलं.

“कान सोडा तिचा. मी चांगलं सांगायला आलेय.”

नागेंद्रनं कान सोडला नाही, सैल केला.

“करिष्मा छान वाचते,” जयाबाई म्हणाल्या.

“आन?”

“आणि काही नाही.”

“पर केलंय काय तिनं?”

“वाचलंय.”

सौम्या पदर सावरत पुढे आली. “बाई, जे हाय ते सांगा. आमी मन घट्ट केलंय.”

आता जयाबाईंना प्रशिक्षणातलं वाक्य आठवलं. ते त्यांनी जसंच्या तसं म्हटलं. “तुम्ही दोघं पालक म्हणून मुलीकडे फार छान लक्ष देता.”

नागेंद्रचा चेहराच उतरला. “दवाखान्यात डॉक्टर असंच बोलतात, बाई. आमच्या आप्पाच्या वक्ताला बोलले हुते.”

यावर काय बोलायचं, ते प्रशिक्षणात नव्हतं. जयाबाई चहा न घेता उठल्या. बाहेर स्कूटर चालू होईना. त्या किक मारत असताना शेजारची यल्लव्वा सौम्याच्या दारात येऊन पोचली. आवाज दबका ठेवायची गल्लीत कुणालाच सवय नाही.

“काय केलं गं पोरीनं?”

“काय न्हाय म्हणं. छान वाचती म्हणाल्या.”

“जयाबाई? असं म्हणाल्या?”

“व्हय की.”

यल्लव्वानं किक मारणाऱ्या बाईंकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, “तर मग शाळा मोडणार बघ. उगं न्हाय बाई गोड बोलायल्या.”

स्कूटर नेमकी तेव्हाच चालू झाली.

सकाळी नागेंद्र हेडमास्तरांच्या टेबलापुढे उभा. मागे आणखी दोन बाप.

“पोरीचा दाखला द्या, सर. इंग्लिश मीडियमवाले आता घेतो म्हणालेत. शाळा मोडल्यावर कोण घेणार?”

“कोण म्हणालं शाळा मोडणार?”

“कोण म्हणायला कशाला पायजे? जयाबाई घरला येऊन चांगलं बोलून गेल्या.”

राजकुमार सरांनी शाळा मोडणार नसल्याचं शपथेवर सांगितलं. “तुमी तसं म्हणणारच,” नागेंद्र म्हणाला. उद्या या, असं सांगून सरांनी तिघांना कसंबसं परत पाठवलं आणि जयाबाईंकडे वळले.

“काय बोललात तुम्ही त्यांना?”

“गोड.”

त्या दुपारी जयाबाईंनी स्कूटर गल्लीच्या मधोमध लावली आणि बाहेरूनच हाक मारली. “नागेंद्र! माग बंद करा. तक्रार आहे!”

माग थांबला. चार दारांत चार बायका आल्या. नागेंद्र बाहेर आला तो कालच्यापेक्षा बराच सावध, पण रंग परतलेला.

“कसली वो तक्रार?”

“तुमची पोरगी वाचायला लागली की थांबत नाही! दुसऱ्याचा नंबर आला तरी हिचंच तोंड पुढं. पहिलीचं पुस्तक संपवून बसलीय, आता दुसरीचं मागते. मी कुठून आणू? आणि घसा केवढा तो! पलीकडच्या वर्गातली पोरं पाढे सोडून हिचा धडा म्हणायला लागलीत.”

यातला एकही शब्द खोटा नव्हता. कालचाही नव्हता, पण काल त्याला कुणी गिऱ्हाईक मिळालं नव्हतं.

“व्हय की वो!” नागेंद्र खुलला. “घरात बी तशीच. मागाच्या वर आवाज काढून वाचती. सौम्या, बाईंना च्या ठेव.”

“चहा नंतर. हिला आवरणार का नाही?”

“आवरतो की. लई वांड हाय.” आवरायचं नाव नव्हतं. तो गल्लीकडे बघत होता, सगळ्यांनी ऐकलं ना म्हणून.

“आणि दाखला?”

“कसला दाखला, बाई? तिकडं हिला कोण सोसणार?”

सकाळचे ते दोन बापही आपापल्या दारातून घरात शिरले. बाई नेहमीसारख्या ओरडताहेत, म्हणजे शाळा जागेवर आहे. चहा पिऊन जयाबाई निघाल्या, तर यल्लव्वानं स्कूटरचं हँडल धरलं.

“बाई, आमच्या मंथनची काय तक्रार न्हाय व्हय?”

“नाही.”

“का न्हाय? वरीस संपत आलं, एकदा बी आला न्हाईसा. आमचा नातू काय बिनकामाचा हाय? का आमचा माग बंद कराय तुमाला बरं वाटंना?”

मंथन खिडकीजवळ बसतो, एवढंच जयाबाईंना आठवलं. वाईट काही आठवेना. चांगलंही आठवेना.

“उद्या येते.”

“मोकळ्या हातानं नगो. तक्रार घेऊनच या.”

दुसऱ्या दिवशी जयाबाईंनी वर्गात खिडकीकडेच डोळा ठेवला. गणित विचारलं की मंथन शेजारच्याच्या कानात उत्तर सांगत होता. शेजारचा हात वर करून शाबासकी घेत होता. खुद्द मंथन बाहेर कावळा बघत असल्यासारखा बसलेला. हे वर्षभर चाललं असणार, आणि शाबासक्या वाटत होत्या जयाबाईच.

“मंथन!” त्या ओरडल्या. “तुझ्या घरी येणार आहे मी आज!”

मंथन उभा राहिला. कान लाल झाले, पण मान वर होती.

दुपारी स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली, तेव्हाच यल्लव्वाच्या घरचा माग बंद होता. दारासमोर खुर्ची टाकलेली होती, आणि शेजारणी जमल्या होत्या.