पिंपळाच्या कुंडीतला कोपरा

मामीचा फोन आला तेव्हा बदलापूरला, शिरगावच्या घरात, माझी ऑफिसची मीटिंग चालू होती. "बाळा, तुझा मामा गेला गं... चहा मागितला आणि बसल्या जागी गेला." मी "येते" एवढंच म्हणाले. मीटिंगमध्ये कुणीतरी काहीतरी विचारलं, त्याचं उत्तरही दिलं. चारचौघांत रडणं मला कधी जमलं नाही. त्या दिवशी एकटीलाही जमलं नाही. अंबरनाथला मामाकडे जाताना रिक्षात मात्र एकच गोष्ट आठवत राहिली... मामानं पिंपळाचं पाणी बंद केलं होतं.

दोनच दिवसांपूर्वी तो म्हणाला होता, "रविवारी ये. पिंपळाची कुंडी बदलायची आहे." माती थोडी सुकली की मुळं न तुटता मोकळी होतात, म्हणून तो आधी पाणी तोडायचा. बुवापाड्यातल्या त्याच्या दोन खोल्यांवरच्या गच्चीत वीसेक बोन्साय होते, त्यात हा पिंपळ सर्वांत जुना. मामाची कंपनी बंद पडली तेव्हा तिच्या भिंतीच्या फटीतून त्यानं बोटभर रोप उपटून आणलं होतं. वयानं माझ्यापेक्षा मोठा, उंचीनं माझ्या गुडघ्याएवढा. कुंडी बदलली की निघालेली जुनी माती मामा पिशवीत भरायचा आणि वस्तीतल्या बुद्धविहाराजवळच्या मोठ्या पिंपळाखाली नेऊन घालायचा. "मोठ्या भावाला द्यायची," म्हणायचा.

झाड कुंडीत बांधायला लागणारी तांब्याची तार उल्हासनगरला मोटार वाइंडिंगच्या एका दुकानातून यायची. शाळेत असताना मी त्याच्यासोबत स्कूटरवर जायचे. मालक सिंधी, गोल आणि बुटके. त्यांनी एकदा विचारलं, "साईं, तीस साल में इतना ही बढ़ा? खाना नहीं देते क्या?" मामा म्हणाला, "आप तो दोनों टाइम खाते हो सेठ, आप कितना बढ़े?" दुकानभर हशा पिकला. मी स्कूटरचा आरसा पुसत राहिले. परतताना मामा म्हणाला, "हसलीस तर दात नाही पडणार."

तीन वर्षांपूर्वी त्यानं पहिल्यांदा मला पिंपळाला हात लावू दिला. खालची गुंतलेली मुळं त्यानं कापली, झाड नव्या मातीवर बसवलं, तारेनं आवळलं. मग एक कोपरा मला दिला. माती घालायची आणि मामीच्या विणायच्या सुईनं खुपसत राहायचं, म्हणजे ती मुळांच्या मधल्या फटींत उतरते. पोकळी राहिली तर मूळ तिथे वाढत नाही. मूळ दुखावेल या भीतीनं मी 'सॉरी, सॉरी' पुटपुटत सुई वरवर फिरवत होते. "मॅडम, जोर लावा की! मातीला इंग्लिश नाही समजत," तो म्हणाला. मी आणखी चार वेळा खुपसलं आणि त्याच्याकडे पाहिलं. त्यानं कोपऱ्यावर बोट दाबलं, थोडा थांबला, म्हणाला, "झालं. मस्त झालं." त्या शाबासकीवर मी तीन वर्षं काढली.

मामा गेल्यावर घर माणसांनी भरलं होतं. पिंपळाला पाणी घालून येऊ का, हे विचारायची मला लाज वाटली. मामा गेला आणि हिला कुंड्या सुचतायत, असं कुणी म्हणालं असतं तर... आठवड्यानं, मामाला श्रद्धांजली वाहायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा नकारार्थी मान हलवून मी सरळ गच्चीवर गेले. बाकीच्या कुंड्या ओल्या होत्या, शेजारच्या काकूंनी रोज पाणी घातलं होतं. पिंपळाच्या कुंडीत आइस्क्रीमची काडी खोचलेली होती. तिच्यावर मामाच्या अक्षरात, 'पाणी नको'. काकूंनी ते पाळलं होतं. ते फक्त रविवारपर्यंत होतं, हे एकट्या मला माहीत होतं. पानं सगळी गळली होती. मी काडी उपटली, पाणी घातलं, आणि तिथेच खाली बसून रडले.

कमजोर झाडाची मुळं कापायची नसतात, म्हणून मी थांबले. दर रविवारी जायचे, फांदीवर नख टोचून आत हिरवं आहे का बघायचे. पाचव्या रविवारी टोकाला तांबूस पालवी दिसली. ती चांगली धरल्यावर, एका रविवारी, मामी आणि मी कुंडी बदलायला बसलो. झाड उचललं तर तीन बाजूंना मुळांची घट्ट जाळी. चौथ्या बाजूला, माझ्या कोपऱ्यात, भुसभुशीत माती आणि अंगठा जाईल एवढी पोकळी. एकही मूळ तिथे आलं नव्हतं.

"इथे मी भरलं होतं," मी म्हणाले.

"माहितेय," मामी म्हणाली. "हे रोज त्या कोपऱ्यात एक ग्लास पाणी वेगळं घालायचे. म्हणायचे, पोरीनं भरलंय, पाणी टिकत नाही. मी म्हटलं, मग उकरून नीट करा ना. तर म्हणे, तिला कळलं तर परत हात लावायची नाही."

आम्ही मुळं कापून झाड नव्या मातीवर बसवलं. मी सुई घेतली आणि या वेळी जोर लावला. चारही कोपऱ्यांत, माती आत जायची थांबेपर्यंत. मामीनं बोट दाबून पाहिलं. जुनी माती आम्ही पिशवीत भरून मोठ्या पिंपळाखाली नेऊन घातली.

मामाचा पोचे आलेला स्टीलचा ग्लास गच्चीच्या नळाशी अजून उपडा ठेवलेला असतो. पिंपळाच्या कुंडीला पाणी घालून झालं की मी तो भरते आणि त्या कोपऱ्यात ओतते. आता तिथे वेगळ्या पाण्याची गरज नाही... म्हणून अर्धाच.