अथेन्समधली मोजदाद

सिल्वासाच्या शाळेत शिकवताना मी आयुष्यभर मुलांच्या सहली नेल्या. निवृत्तीनंतर नवऱ्याबरोबर क्रूझवर गेले. अथेन्सला बोट अर्धाच दिवस थांबणार होती, म्हणून गाईड आम्हाला भर उन्हात पिटाळत होता. टेकडी चढून माझे पाय गळून गेले. समोर ते हजारो वर्षांपूर्वीचं देऊळ होतं आणि मी आमच्या ग्रुपच्या पिवळ्या टोप्या मोजत उभी होते.

"तुला कोणी नेमलंय का? देऊळ बघ," नवरा म्हणाला.

मी देवळाकडे बघितलं. तेवढ्यात आकडा विसरले, म्हणून वैतागून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

घरी आल्यावर अंग टाकलं होतं, तेवढ्यात शेजारीण आली. "कसं होतं अथेन्स?"

"सगळे नीट परत आले," मी म्हणाले.