गाठोड्यावर बसलेल्या डॉक्टरीणबाई

मालतीबाईंच्या दवाखान्यात जो बोलेल त्याला तपासलं जाई. सून पोट धरून बसलेली असायची आणि सासू सांगायला लागायची, "हिच्या पोटात लई दुखतंय की बाई." मालतीबाई शांतपणे सासूलाच म्हणायच्या, "झोपा टेबलावर." सासू गडबडायची. "आवं, मला न्हाय, हिला!" मग बाईंचा आवाज चढायचा, "मग तिला बोलू द्या. तोंड आहे ना तिला?" नवरेसुद्धा यातून सुटले नाहीत. एका मिलमधला मुकादम बायकोच्या चक्करांचं रसभरीत वर्णन करत होता, त्याला बाईंनी जीभ बाहेर काढून पाच मिनिटं उभं केलं. तो पुन्हा आला नाही. बायको मात्र येत राहिली.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या पूर्व भागात, मागांच्या खटखटाटात, त्यांचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि मी तिथं नर्स होते. बाई पन्नाशीच्या, देहानं भारदस्त. मोठ्या इस्पितळातली चांगली नोकरी सोडून इथं आल्या होत्या. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "तिथं बायका शेवटच्या घटकेला येतात. मला त्यांना आधी गाठायचंय." उन्हात स्वतःची छत्री विसरायच्या आणि हक्कानं माझी घेऊन जायच्या. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या तेलुगू बायका त्यांना 'डॉक्टरम्मा' म्हणत. बाईंचं मोडकंतोडकं तेलुगू ऐकून त्यांचं निम्मं दुखणं हसण्यातच पळे. बाईंना त्याचं काही वाटत नसे. त्यांना एकाच गोष्टीचा संताप यायचा, आणि ती म्हणजे सुनेला माहेरी धाडणं.

सून धडधाकट आहे तोवर सासरची. तिनं अंथरूण धरलं की तिला माहेरी पोचवायचं, बरी झाली तर आणायची, नाहीतर नाही. अशी ही रीत होती, आणि तिच्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटत नसे. त्यात क्षय असला तर बोलायलाच नको. "राबायला इथं, खोकायला इथं, आणि औषधाला तेवढं माहेर?" बाई म्हणायच्या. ऐकणाऱ्या बायका माना डोलवायच्या आणि घरी गेल्यावर तेच करायच्या.

गोदा आमच्याकडे आली तेव्हा तिच्या थुंकीतून रक्त पडत होतं. वय विशीच्या आसपास, पदरात तीन वर्षांची मुलगी. नवरा मारुती मिलमध्ये, आणि सासू भागूबाईचा सगळ्या चाळीवर दरारा. गोदाचे आईवडील वारलेले. माहेर म्हणजे करमाळ्याकडचा एक भाऊ, आणि भावजय आधीच कटकटी. तिथं ना रोजचं इंजेक्शन, ना कुणी पाणी देणारं. तिथं गेली असती तर ती वाचली नसती, हे आम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं.

आठवड्याभरातच शेजारीण धावत सांगायला आली, "डॉक्टरम्मा, गोदाला नेतात. टांगा सांगितलाय!" दवाखाना पेशंटांनी भरलेला. बाई तशाच उठल्या, मी इंजेक्शनची पेटी घेऊन मागे. चाळीत घराच्या दारात गोदा भिंतीला टेकून उभी होती आणि उंबऱ्यापाशी तिचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं. बाईंनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्या गाठोड्यावर चक्क बसकण मारली.

"आवं बाई, उठा की! टांगा खोळंबलाय," भागूबाई म्हणाली.

"जाऊ द्या त्याला. किंवा मला उचलून टांग्यात घाला."

भागूबाईनं त्यांच्या देहाकडे एकवार नीट बघितलं आणि तो विचार सोडून दिला. "आमच्या घरात आमी काय बी करू. तुमी कोण?"

"मी डॉक्टर. ही इथंच राहणार. बाहेरच्या पडवीत झोपेल, तोंडाला पदर लावेल, पोरीला काही दिवस लांब ठेवेल. सिस्टर रोज इथं येऊन इंजेक्शन देतील. आणि मारुती, तू सांग, उद्या तुला खोकला लागला तर तुला कुठल्या माहेरी धाडायचं?"

जमलेल्या बायका फिस्सकन हसल्या. मारुती खाली मान घालून टांगेवाल्याला "जा" म्हणाला. बाई टांगा वळेपर्यंत उठल्या नाहीत.

मग मी रोज गेले. चाळीतल्या बायका विड्या वळत बसलेल्या असायच्या, त्यांच्यादेखत गोदाला सुई टोचायची हा बाईंचा हट्ट. क्षयाची सून सासरी बरी होते हे त्यांना डोळ्यांनी दिसू दे, म्हणायच्या. भागूबाई पहिले काही महिने तिची ताटली पायानं सरकवायची. बाई कधी आल्या की ते बघून भडकायच्या, ताटली उचलून स्वतः गोदाच्या हातात द्यायच्या. गोदा काही बोलायची नाही. हळूहळू तिचा ताप उतरला, गालावर मांस आलं. त्या वर्षी त्या चाळीतून आणखी कुणाचं गाठोडं निघालं नाही. बाई जातील त्या सभेत गोदाची गोष्ट सांगू लागल्या आणि, खरं सांगते, मलाही त्याचा अभिमान वाटायचा.

इंजेक्शनांनंतर सुरू केलेल्या गोळ्यांचा शेवटचा महिना संपला, एक्स-रेच्या फोटोत छाती स्वच्छ आली. बाई पेढे घेऊन चाळीत गेल्या. सगळ्यांना बोलावलं. पहिला पेढा भागूबाईच्या हातावर ठेवला आणि गोदाला म्हणाल्या, "बघ, तुझं घर तुझ्याकडेच राहिलं की नाही?"

गोदानं पेढा घेतला नाही. "बाई, मला ह्या घरात न्हाय ऱ्हायचं."

बाईंनी पुढं केलेला पेढा परत पुड्यात ठेवला. त्या म्हणाल्या, "अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"सासूबाई जा म्हणत व्हत्या, तुमी ऱ्हा म्हणत व्हता. मला कुणी इचारलंच न्हाय. मला माझी पोरगी घिऊन येगळं ऱ्हायचंय. विड्या वळीन की."

वाटेत बाई माझ्या पुढं झपाझप चालत राहिल्या. मला वाटलं, उपकार विसरली म्हणून रागावल्या असतील. मला तरी राग आलाच होता. दवाखान्यात आल्यावर घोटभर पाणी पिऊन म्हणाल्या, "सिस्टर, त्या गाठोड्याच्या मालकिणीकडे मी बघितलंसुद्धा नव्हतं हो." त्यांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना रडताना तेव्हाच पाहिलं. पुढं स्वतःच्या शेवटच्या आजारपणातही त्या रडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही तिघी खोली शोधत निघालो, गोदाच्या कडेवर पोरगी. पहिल्याच घरमालकानं विचारलं, "पुरुषमाणूस कोण?"

"कुणी नाही. ही राहणार," बाई म्हणाल्या.

"एकटी बाई? कोण येईल, कोण जाईल..."

"मी येईन. तुमचीही छाती तपासून जाईन. खोली दाखवा."

त्यानं मुकाट्यानं कुलूप काढलं. नळ जवळ, भिंती कोरड्या, शेजार तेलुगू विणकरांचा. एकट्या बाईला अशी खोली पुन्हा मिळणं कठीण. बाई गोदाकडे वळल्या. "पसंत आहे?"

गोदानं आत जाऊन चारी भिंती पाहिल्या. "न्हाय," ती म्हणाली, "खिडकी न्हाय."

मी कपाळाला हात लावला. बाईंनी मात्र घरमालकाला नमस्कार केला, माझ्या हातातली छत्री काढून गोदाच्या हातात दिली, आणि पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "चल तर मग, पुढची बघू."