डबा परत न्यायला कोण येतं?

गुलमंडीच्या आमच्या गल्लीत मोठी गाडी शिरत नाही, म्हणून माझ्या बॅगा रिक्षात कोंबल्या होत्या. नवरा आधीच टोरांटोला जाऊन पोहोचला होता, मी मागून निघाले होते. आईनं माझ्या मांडीवर स्टीलचा डबा ठेवला. आत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. "डबा हरवू नको," ती म्हणाली, "अन् परत येशील तवा रिकामा आणू नको." रडायचं काम तिनं माझ्यावर सोपवलं होतं. ती स्वतः रिक्षावाल्याला खड्डे चुकवून चालव म्हणून दम देत होती. आणि काकू, तुम्ही रिक्षाची दांडी धरून उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, "आईची काळजी नको करू गं. आम्ही हावोत की इथंच, औरंगपुऱ्यात. हाक मारली की येतो."

ते वाक्य मी परदेशात बरोबर नेलं होतं, डब्याइतकंच जपून.

परवा घरच्या ग्रुपवर मी इथल्या एका चिनी आजीचा, पोपोचा, फोटो टाकला, तेव्हा तुम्ही त्याखाली लिहिलंत, "चिन्यांच्या म्हाताऱ्यांला डबे पोचवायला येळ हाय, सख्खी आई इथं एकटी पडली." मग एकामागून एक अंगठे उगवले. ज्यांनी वर्षभरात आईच्या घराची पायरी चढली नाही, त्यांचेही. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यासाठी, आणि माझ्यासारखं घर सोडून गेलेल्या त्या सगळ्यांसाठी, जे अशी वाक्यं मुकाट गिळतात आणि वर स्माइली पाठवतात.

मी काय काम करते ते कधी कुणी धड विचारलं नाही, तर आता ऐका. इथल्या चायनाटाउनमध्ये एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी एक संस्था जेवण पोहोचवते. स्वयंपाक मेई करते. मी जिने चढते. या जुन्या इमारतींना लिफ्ट नाहीत. तरुणपणी चीनमधून आलेली, हॉटेलांत भांडी घासून आणि कारखान्यांत शर्ट शिवून म्हातारी झालेली ही माणसं एकेका खोलीत राहतात. खालच्या भाजीवाल्याशी, औषधवाल्याशी त्यांना आपल्या भाषेत बोलता येतं, म्हणून राहतात. पोपो त्यांतलीच. पोपो म्हणजे आजी. सगळे तिला तेच म्हणतात. ती चौथ्या मजल्यावर राहायची.

मेईचे डबे स्टीलचे होते. दुपारी भरलेला द्यायचा, कालचा रिकामा घेऊन यायचा. पहिल्या दिवशी मी पोपोला तांदळाची पेज आणि आल्यात वाफवलेला मासा नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी तिनं घासून लख्ख केलेला डबा हातात ठेवला. तो जड लागला म्हणून झाकण उघडलं, तर आत एक संत्रं. मी जिन्यातच बसले आणि हसता हसता रडले. आमच्या आईचं अख्खं आयुष्य हेच करण्यात गेलंय. शेजारच्या खालांकडून ईदला शीरखुर्मा आला की त्यांचं भांडं आमच्याकडून रिकामं जायचं नाही. घरात काही नसलं तर आई म्हणायची, "चिमूटभर साखर टाक, पण तसंच देऊ नको." पोपोचं आणि माझं मिळून दहा शब्दांचं संभाषण होतं, पण तेवढ्यावरून आमचं बरं जमलं. कधी लाल खजूर, कधी दुधाच्या गोळ्या, काहीच नसलं तर चहाची पुडी.

एका दुपारी डबा रिकामा आला. घासलेला होता, पण रिकामा. दोन मजले उतरून गेलेली मी तशीच उलटी वर पळाले. पोपो तापानं फणफणली होती आणि मला काही दिसू नये म्हणून दार घाईनं लावून घेतलं होतं. मेईला फोन केला, डॉक्टर आला, आठवड्यात पोपो उठून बसली. मेई म्हणाली, आपण जेवण पोहोचवतो हे लोकांना वाटतं, खरं तर आपण डबे परत आणतो.

मग संस्थेत नवा मॅनेजर आला. त्यानं कधी एक जिना चढला नाही, पण त्याला सगळं सुधारायचं होतं. डबे धुण्यात वेळ जातो, दारात बोलण्यात वेळ जातो. म्हणून प्लास्टिकचे बंद ट्रे आणले. दाराबाहेर ठेवायचा, मोबाइलवर फोटो काढायचा, पुढच्या दाराकडे पळायचं. वर मला ऑफिसात बोलावून समज दिली, लाभार्थ्यांकडून भेटवस्तू घेणं नियमात बसत नाही. संत्र्याबद्दल! तोवर मी इंग्रजीत कधी भांडले नव्हते. त्या दिवशी भांडले, आणि मध्येच मराठीत घसरले तरी थांबले नाही. मेईही तिच्या भाषेत सुरू झाली. तो नुसता कीबोर्डवर टाइप करत राहिला.

पोपो न्हाणीघरात पडली. ट्रे बाहेर होता, त्याचा फोटो निघाला, जेवण पोहोचल्याची नोंद झाली. दुसऱ्या दिवशी माझी सुटी होती. माझ्या जागी आलेल्या माणसानं कालच्या ट्रेवर आजचा ट्रे ठेवला आणि त्याचाही फोटो काढला. त्याची काय चूक? त्याला परत काही न्यायचंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा तो ढीग बघूनच दार बडवायला लागले. दार उघडवलं. पोपो जिवंत होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

ती दवाखान्यात असतानाच घरमालकानं हात धुऊन घेतले. एकटी राहणं सुरक्षित नाही म्हणे. इतकी वर्षं राहिली तेव्हा ते सुरक्षित होतं, खोलीचं भाडं वाढवायची वेळ आली आणि अचानक धोक्याचं झालं. पोपोला शहराबाहेरच्या वृद्धाश्रमात टाकलं. तिथं तिची भाषा बोलणारं कुणी नाही आणि प्यायला बर्फाचं पाणी देतात. जन्मभर गरम पाणी प्यायलेली बाई ती. आता तिच्या खोलीला पांढरा रंग दिलाय. खालच्या भाजीवाल्याच्या जागी कॉफीचं दुकान आलंय आणि तिथं शोभेला लाल कागदी कंदील टांगलेत. कंदील चालतात यांना. माणसं नकोत.

काकू, पोपोची हकीकत मी आईला फोनवर सांगितली. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अगं, मग तिचा डबा न्यायला कुणीच गेलं नाय व्हय?" शिकल्यासवरल्या मॅनेजरला सांगून सांगून आम्ही थकलो होतो, आणि आईनं गुलमंडीत बसून एका वाक्यात बोट ठेवलं. आणि त्याच फोनवर, अगदी सहज, तिनं सांगितलं, "काकूंनी फराळ धाडला दिवाळीचा. डिलिव्हरीवाला पिशवी कडीला अडकवून गेला. मी करंज्या भरून ठेवल्यात गं डब्यात, पर द्यायच्या कुणाजवळ?"

औरंगपुऱ्याहून गुलमंडी, काकू. पायी जाता येतं. तुम्ही त्या पिशवीचा फोटोही ग्रुपवर टाकला होतात आणि मी त्याला हात जोडले होते.

मी आईपाशी नाही, हे मला कुणी सांगायला नको. रोज उठल्यावर पहिलं तेच आठवतं. पण मी जिथं आहे तिथं जिने चढते आहे. रविवारी मेई आणि मी दोन बस बदलून पोपोकडे जातो. स्टीलचा डबा, पेज, आणि थर्मासमध्ये गरम पाणी. पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं, आता तिच्याजवळ द्यायला काय असणार? निघताना तिनं डबा जवळ ओढला, उशीखाली हात घातला आणि तिथल्या चहाबरोबर मिळणाऱ्या साखरेच्या पुड्या मूठभर आत टाकल्या. झाकण लावून माझ्या हातात दिला.

तुमचं घर कुठं, असं इथं लोक विचारतात. पूर्वी मी शहराचं नाव सांगायचे. आता वाटतं, ज्या दाराशी रिकामा डबा मागायला कुणीतरी येणार असतं, तेवढंच घर. पोपोचं त्या चौथ्या मजल्यावर होतं, ते मोडलं. आईचं मोडायला आलंय, आणि तिथपर्यंत माझा हात पोहोचत नाही. तुमचा पोहोचतो.

तेव्हा ग्रुपवर मला उत्तर देऊ नका. उद्या एका डब्यात काहीही घाला, गुलमंडीत जा, पायऱ्या चढा आणि आईच्या हातात द्या. आणि परवा तो परत न्यायला तुम्ही स्वतः जा. करंज्या एव्हाना खवट झाल्या असतील, पण डबा जड लागेल.