रविवारचा कर

“थांबा जरा, माझं संपलं नाय.” उजव्या हाताचा पंजा पुढे करून ती हे म्हणायची आणि समोरचा थांबायचाच. मग तो सुपरवायझर असो, युनियनचा सेक्रेटरी असो, नाहीतर कॅन्टीनमध्ये उसळ वाढणारा असो. अशी बाई तुमच्याही कुठल्या ना कुठल्या खात्यात असेल. आमच्याकडे ती पॅकिंगला होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. अंधेरीच्या औषध कंपनीत पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, आम्ही त्या खोक्यात भरायचो. मी वाकोल्याहून यायचे, ती खारदांड्याहून. ती कोळ्यांच्या घरातली. नवऱ्याच्या होडीला नवं इंजिन घ्यायचं होतं, म्हणून ती एकही रविवार सोडत नसे. रविवारच्या ओव्हरटाइमला दुप्पट पगार मिळायचा. धाकटी लेक सासूजवळ ठेवून ती यायची आणि दुपारी डबा उघडला की म्हणायची, “पोरगी आज माझ्यावर रुसलीय गो.”

आमच्या पगारावर थोडा कर बसायचाच. पण ओव्हरटाइम मिळवला की तो फुगायचा आणि जानेवारीच्या पाकिटातून एकदम कापला जायचा. त्या वर्षी पाकीट उघडून तिने नोटा तीनदा मोजल्या.

“काय झालं गं?” मी विचारलं.

“वाट लागली. रविवारचं निम्मं इंजिन सरकारने नेलं.”

ओव्हरटाइमवरचा कर माफ करा, ही युनियनची मागणी जुनीच होती. त्याच सुमारास दिल्लीतले एक मंत्री अंधेरीत कसल्याशा उद्घाटनाला येणार होते. निवेदन द्यायला सगळे पुरुषच निघाले होते. “मी पण येते, आणि हिला घेते,” असं म्हणून तिने माझा हात धरला. सेक्रेटरी नको म्हणायच्या आत आम्ही टेम्पोत बसलो होतो.

मंत्री हसतमुख होते. निवेदन चाळून म्हणाले, “बाई, कर भरावा लागतो म्हणजे तुमचं बरं चाललंय. आनंद माना.”

पुरुष कसनुसे हसले. तिचा पंजा पुढे आला.

“थांबा जरा, माझं संपलं नाय. आठ तासांच्या पगारावर कर घ्या, साहेब. मी कधी नाय म्हटलं? पण रविवार माझ्या लेकीचा होता. तिच्याकडून काढून मी तो कंपनीला दिला. त्यात तुमचा वाटा कुठून आला?”

मंत्र्यांचं हसू थांबलं. “मुद्दा विचार करण्यासारखा आहे,” ते म्हणाले, आणि निवेदन आपल्या पीएकडे न देता स्वतःच्या खिशात ठेवलं.

आम्ही जाम खूश झालो. पण बजेट आलं, त्यात ओव्हरटाइमचा शब्दही नव्हता. कॅन्टीनमध्ये सगळे हिरमुसले. ती मात्र ताट संपवून उठली आणि म्हणाली, “मग आपण रविवारी यायचंच नाय.”

जिला पैशांची सगळ्यात जास्त गरज, तीच हे म्हणत होती, त्यामुळे कुणाला नाही म्हणवेना. पुढचे सगळे रविवार पॅकिंगचा पट्टा बंद राहिला. ऑर्डर अडकल्या. शेवटी मॅनेजर स्वतः खात्यात आले.

“अहो ताई, टॅक्स काय आमच्या हातात आहे?”

“नाय ना? मग सुट्टी तरी आहे ना तुमच्या हातात?”

त्यातूनच तोडगा निघाला. रविवारी काम केलं की हवे तर पैसे घ्या, नको तर आठवड्यात भरपगारी सुट्टी घ्या. सुट्टीवर कुठलं सरकार कर लावणार? तिने सुट्ट्या घेतल्या. होडीचं इंजिन वर्षभर लांबलं. नवरा कुरकुरला, पण लेक रुसायची थांबली.

कर काही गेला नाही. दोन वर्षांनी सासू थकली, तेव्हा घरचा मासळीचा धंदा सांभाळायला तिने नोकरी सोडली. निरोपाचा हार तिने सुपरवायझरच्याच गळ्यात घातला आणि सेक्रेटरीला बजावलं, “निवेदन दर वर्षी द्यायचं. कंटाळायचं नाय.”

पुढच्या खेपेला तिच्या जागी मला पाठवलं. आता मंत्री दुसरे होते. कागदावरून नजर न काढता म्हणाले, “हं, बोला.” सगळे पुरुष माझ्याकडे बघू लागले. तोवर मी चारचौघांत तोंड उघडलेलं नव्हतं. मी खुर्ची मागे सारली आणि उभी राहून बोलायला लागले. मंत्र्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं, तरी मी थांबले नाही.