तोंडाला लावायचं पीठ

नातीनं तोंडावर पाण्याचा तांब्या ओतला आणि आग दुप्पट झाली. न्हाणीच्या दगडावर बसून, डोळे घट्ट मिटून, दोन्ही हात पुढं धरून ती एकच म्हणत होती, "मला दिसंना गं, मला दिसंना." चौथ्या दिवशी तिची हळद होती, पाचव्या दिवशी लग्न. तिची आई, म्हणजे माझी सून, शेजारी उभी राहून घागरीतनं दुसरा तांब्या भरत होती. मी म्हटलं, पाणी थांबव. तिनं थांबवलं नाही. घाबरलेल्या माणसाला पाणीच सुचतं.

मी आत जाऊन करडीच्या तेलाची बरणी आणली. जुन्या धोतराचा बोळा तेलात बुडवला आणि पोरीच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत फिरवला. तिखटाची आग पाण्यानं पसरते आणि तेलानं निघते, एवढं मला कळतं. तेल झाल्यावर दही थापलं. डोळ्यांना मात्र तेल लावायचं नसतं. वाटीत स्वच्छ पाणी घेऊन त्यात डोळे बुडवून उघडझाप करायला लावली. पोर शिव्या देत होती. कुणाला देत होती ते कळलं नाही.

ते तिखट आहे हे मला वासावरून लगेच कळलं होतं. ते कुठून आलं तेही कळलं होतं. मी बोलले नाही.

पीठ मी केलेलं होतं. आमच्या घरात लग्न ठरलेल्या पोरीला पाच दिवस साबण लावू देत नाहीत, पिठानं तोंड धुवायला लावतात. हे पीठ मला माझ्या सासूनं शिकवलं. त्यात विशेष काही नाही. हरभऱ्याची डाळ दोन वाटे, मसुराची एक वाटा, आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, संत्र्याची वाळवलेली साल आणि थोडा कडुलिंब. साल आणि पाला सावलीत वाळवायचा, उन्हात वाळवला की नुसता भुसा होतो. सगळं दळून वस्त्रगाळ करायचं. रोज चमचाभर दुधात किंवा पाण्यात कालवून लावायचं आणि अर्धवट सुकलं की चोळून धुवायचं. पूर्ण सुकू दिलं तर कातडी ओढते.

गावातल्या बायका म्हणतात या पिठानं रंग उजळतो. उजळत नाही. मी साठ वर्षं लावते आहे, मी काळीच आहे. मळ निघतो आणि तोंड मऊ राहतं, तेवढंच त्याचं काम.

पूर्वी मी हे जात्यावर दळायची. आता गुडघे वाकत नाहीत आणि जात्याची वरची तळी पाण्याच्या हौदावर झाकण म्हणून ठेवली आहे. म्हणून गिरणीत नेलं. आमच्या गिरणीत दोन यंत्रं आहेत. एक पिठाचं, दुसरं कांडपाचं, म्हणजे मिरची, हळद आणि मसाला कुटायचं. पिठाच्या यंत्रात गिरणीवाला माझं सामान घालत नाही. कचोऱ्याचा वास दगडाला बसतो, मग पुढच्या बाईच्या भाकरीला तो वास येतो आणि ती भांडायला येते. त्याचं बरोबर आहे. मीसुद्धा भांडले असते.

राहिलं कांडपाचं यंत्र. वैशाख होता. वैशाखात त्या यंत्रातून सकाळपासून संध्याकाळपर्यंत मिरची जाते, सगळ्या गावाचं वर्षाचं तिखट तेव्हाच होतं. म्हणून मिरचीनंतर दुसरं काही कुटायचं असेल तर आधी त्यातून ज्वारी काढायची असा नियम आहे. ज्वारी आतलं तिखट पुसून घेते. ही ज्वारी ज्याचं सामान त्यानं आणायची. ती नंतर भाकरीच्या उपयोगाची राहत नाही. गिरणीवाला ती आपल्या कोंबड्यांना टाकतो. कोंबड्यांना तिखट लागत नाही.

मी एक मापटं, म्हणजे अर्धा शेर, ज्वारी नेली होती. तो म्हणाला, "मावशी, सकाळपासून संकेश्वरी मिरची कुटतोय. एका मापट्यानं न्हाय निघायचं. अजून दोन शेर तरी आणा."

माझं घर गिरणीपासून पन्नास पावलांवर आहे. घरात कणगी भरलेली होती. पण ती शाळू होती, बेंबळीच्या बाजारात माणसं मागून नेतात अशी, आणि ती त्याच्या कोंबड्यांना घालायची मला इच्छा नव्हती. मी म्हटलं, तुझ्या बापाच्या वेळेपासून मी इथं येते, मला नको शिकवू, चालू कर.

"तोंडाला लावायचंय ना पण हे?" तो म्हणाला.

मी म्हटलं, चालू कर. त्यानं चालू केलं. थोराशी वाद घालायचा नाही असं त्याला घरात शिकवलेलं असणार.

घरी येताना मला चार शिंका आल्या. मी म्हटलं, कचोरा. पीठ चाळताना पुन्हा आल्या. मग मी शंका नको म्हणून थोडं पीठ ओलं करून तळहातावर चोळून बघितलं. काही झालं नाही. आता माझा तळहात म्हणजे काय आहे, तर पन्नास वर्षं मिरच्या खुडून आणि कुटून झालेला हात. त्यावर निखारा ठेवला तर थोड्या वेळानं कळेल. हे मला माहीत होतं. तरी मी त्या हाताचं ऐकलं, कारण तो मला पाहिजे तेच सांगत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटावर पोरीला बसवलं. पीठ मी कालवलं, पण लावलं सुनेनं. नवरीला पहिलं पीठ लावायचा हात सवाष्णीचा लागतो. माझा नवरा जाऊन एकवीस वर्षं झाली. मी पीठ केलेलं चालतं, मी लावलेलं चालत नाही. हा रिवाज मी केलेला नाही. सुनेनं पाच बोटांनी दोन्ही गालांना, कपाळाला, मग सगळ्या तोंडाला लावलं. चांगलं जाड लावलं, कारण लेकीचं लग्न एकदाच होतं. बाकीचं मी वर सांगितलं आहे.

दुपारपर्यंत पोरीचे डोळे उघडले. दिसत होतं. तोंड सुजून लाल झालं होतं, ओठ जाड झाले होते. तिच्या मावसबहिणींनी आरसा लपवला, पण तिनं मोबाइलमध्ये बघून घेतलं.

मग चौकशी सुरू झाली. लग्नघरात माणसं रिकामी असतात. माझी लेक, म्हणजे नवरीची आत्या, कळंबच्या सासरहून आदल्या रात्रीच आली होती. तिनं भावजयीला सगळ्यांसमोर विचारलं, "वैनी, काल येसूर केला न्हवं तुम्ही? हात धुतले व्हते का?"

येसूर केला होता, खरं आहे. हे मसाल्याचं तिखट पीठ लग्नाच्या आमटीला लागतं. सून म्हणाली, धुतले होते.

"कशानं?"

"साबणानं धुतले व्हते."

"साबणानं तिखट जातं व्हय?"

सून आपल्या हातांकडं बघायला लागली. तिची बोटंही लाल झाली होती, पण ती पीठ लावल्यामुळं झाली होती. बघणाऱ्याला ते उलटं वाटलं. शेजारणी म्हणाल्या, हातालाच तिखट होतं, बघा की, अजून बोटं लाल आहेत. एकीनं सांगितलं की काही बायकांच्या हाताला गुणच नसतो, त्यांनी लावलेलं रोपही जळतं. ही बाई स्वतः तुळस जगवू शकत नाही.

मी ओसरीवर बसून हे ऐकत होते. एका शब्दात थांबवता आलं असतं. मी मनात म्हणत होते की संध्याकाळपर्यंत विसरतील. आणि सून तरुण आहे, तिला बोलणं सोसतं, मला या वयात सोसणार नाही. असं मी खरंच मनात म्हटलं.

संध्याकाळपर्यंत कुणी विसरलं नाही. उलट माझ्या लेकीनं पुढचं ठरवूनच टाकलं. हळद लावायला पहिला हात नवरीच्या आईचा असतो. लेक म्हणाली, या वेळी चुलतीचा लावू, आईचा नको, पुन्हा काही झालं तर नवरदेवाकडचे माकणीचे सोयरे काय म्हणतील. दोघी-तिघींनी माना हलवल्या. नवरीला विचारलं. ती तोंडावर ओला फडका धरून पडली होती. ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. थोड्या वेळानं सून तिच्याजवळ दही बदलायला गेली, तेव्हा पोरीनं तिचा हात हळूच बाजूला केला आणि म्हणाली, "राहू दे आई, मी लावते."

सून उठून मागच्या दारी गेली. बराच वेळ आली नाही म्हणून मी बघायला गेले. ती राखेनं हात घासत होती. शेजारी चिंचेचा चोथा पडला होता आणि पिळलेली दोन लिंबं होती. बोटांची कातडी निघायला आली होती.

मला बघून म्हणाली, "आत्याबाई, आसंल माझ्याच हाताचं. मला आता आठवतच न्हाय धुतले का न्हाय."

तिनं हात धुतले होते. माझ्यासमोर धुतले होते, मीच पाणी घातलं होतं.

ही सून माझ्या घरात आली त्याला सव्वीस वर्षं झाली. मी तिच्याशी फार चांगली वागले असं नाही. पण ती खोटं बोलत नाही, आणि आता तिला स्वतःचंच खरं खोटं वाटायला लागलं होतं.

मी आत गेले. पिठाचा डबा काढला, सगळ्या बायका बसल्या होत्या तिथं मध्ये ठेवला. ताटलीत दोन मुठी पीठ घेतलं, तांब्यातलं पाणी घातलं, कालवलं आणि माझ्या तोंडाला लावलं. सगळ्या तोंडाला. लेक म्हणाली, "माय, हे काय चालवलंय?" मी म्हटलं, थांब जरा.

थांबावं लागलं नाही. तळहाताला कळत नसलं तरी तोंडाला कळतं. गालापासून सुरू झालं आणि कानापर्यंत गेलं. सुरकुत्यांत पीठ जास्त बसतं, त्यामुळं म्हाताऱ्या माणसाला जास्त लागतं, हे मला नव्यानं कळलं. डोळ्यांना पाणी आलं. ते तिखटाचं होतं.

मी म्हटलं, "हे येसरानं झालेलं नाही, सुनेच्या हातानं झालेलं नाही. या डब्याला तिनं हातही लावलेला नव्हता. मी कांडपात ज्वारी कमी घातली. गिरणीवाल्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. हळद तिचाच हात लावील."

 मग नवरी फडका बाजूला करून उठली, सुजलेल्या तोंडानं माझ्यापर्यंत आली आणि तेलाची बरणी पुढं केली. "तेल लाव आधी, आजी," ती म्हणाली. "भाषण नंतर कर." मग ती मागच्या दारी गेली आणि आईला आत घेऊन आली. हाताला धरून आणलं, त्याच बोटांना धरून.

माझी लेक माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. भावजयीची माफी तिनं मागितली नाही, पण लग्नात तिला वाढायला उठू दिलं नाही, स्वतः वाढलं. आमच्याकडं एवढ्यावर भागतं.

दुसऱ्या दिवशी मी डबा गिरणीवाल्याकडं नेला आणि झालेलं सांगितलं. तो म्हणाला, बरं. एवढंच म्हणाला. भला माणूस आहे. पीठ त्यानं मागं टाकलं आणि त्याच्या कोंबड्यांनी ते दोन दिवस उकरलं. दोन शेर ज्वारी द्यायची नव्हती म्हणून शेवटी सगळं पीठच गेलं.

हळदीला पहिला हात आईचा लागला. तिनं बोटं जेमतेम टेकवली, पोरीनं तिचा तळवा धरून गालावर दाबला. तोपर्यंत सूज उतरली होती. गालांवरची वरची कातडी निघून खालून नवी आली होती, ती जरा तकतकीत दिसत होती. लग्नात तिच्या सासूनं मला बाजूला घेऊन विचारलं की पोरीच्या तोंडावर हे तेज कशानं आलं, काय लावता तुम्ही. मी सांगितलं, हरभऱ्याचं पीठ. तिनं कृती मागितली. मी दिली, आणि आधी कांडपात ज्वारी किती घालायची तेही सांगितलं.

आता मी पीठ मिक्सरवर करते. डाळी चांगल्या बारीक होतात, कचोरा होत नाही, तो चाळून टाकून देते. सून पहिल्यांदा स्वतःच्या मनगटाला लावून बघते, मग मला देते.

ते गिरणीतलं पीठ तिघींना लागलं होतं. नातीच्या तोंडाला, सुनेच्या बोटांना आणि माझ्या तोंडाला. एका पिठाच्या आम्ही तिघी आहोत.