आधारभाऊंच्या हातची भाकरी

आईची, सविताची, दवाखान्यातली ड्यूटी पहाटेच सुरू व्हायची, म्हणून दहावीतली संघमित्रा नुसता चहा पिऊन शाळेत जायची. पहिला तास गणिताचा, आणि नेमकी तेव्हाच तिला झोप यायची. सहामाहीत ती गणितात नापास झाली. बाईंनी तिच्या वडिलांना, रिक्षावाल्या आधारभाऊंना, बोलावून विचारलं, "सकाळी काय खाते ही?"

दुसऱ्या दिवसापासून आधारभाऊ स्वतः उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी थापू लागले.

"पप्पा, ही भाकरी शे का धुळे जिल्ह्याचा नकाशा?"

"नकाशा तर नकाशा, पण बठ्ठा खा, तुकडा उरवू नको."

रिक्षा स्टँडवर दुसरा रिक्षावाला छगन रोज चिडवायचा, "काय आधारभाऊ, धुणीभांडीही उरकली का?" आधारभाऊ नुसते हसायचे.

सराव परीक्षेत संघमित्राला गणितात अठ्ठ्याहत्तर मार्क पडले. त्या दिवशी आधारभाऊंनी स्टँडवर पेढे वाटले नाहीत. डबा उघडून भाकरी-ठेचा छगनपुढे धरला.

"खा. पोरगी हेच खाऊन पेपरला बसली होती."

छगनने भाकरी संपवली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "भाऊ, आमचा स्वप्नील पण उपाशीच शाळेत जातो. पीठ कसं मळायचं, सांग ना."

"जोरात विचार," आधारभाऊ म्हणाले, "बठ्ठ्या स्टँडला ऐकू जाऊ दे."